दंतवैद्याच्या दारी नेण्यापूर्वी

मूल जेवत नसले, झोपत नसले किंवा दिवेलागण झाली तरी अंगणातून आत येत नसले, म्हणजे त्याला वठणीवर आणण्यासाठी आपल्या घरांतून एक ठरीव वाक्य उच्चारले जाते. आमच्या लहानपणी त्या वाक्यात बागुलबोवा असे. आता बागुलबोवास कोणी भीत नाही, म्हणून त्याच्या रिकाम्या जागी आपण डॉक्टरांची नेमणूक केली आहे. "थांब, डॉक्टरांनाच बोलावते मोठी सुई घेऊन!" असे म्हणणाऱ्या माउलीच्या मनात काही वावगे नसते; घास पोटात जावा एवढीच तिची इच्छा. परंतु ज्या गृहस्थाच्या नावाने आपण मुलास वर्षभर भिववितो, त्याच्याचपुढे एके दिवशी त्याला नेऊन बसवितो, "बाळ, आ कर पाहू" असे लाडाने सांगतो, आणि ते तोंड मिटून बसले म्हणजे त्याच्यावरच रागावतो. ह्यात दोष कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

हा विचार आजचा नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात बालकाच्या संगोपनाचे नियम दिले आहेत. त्यांत स्पष्ट सांगितले आहे, की मूल रडत असो, जेवत नसो वा ऐकत नसो, त्याला राक्षस, पिशाच, पूतना इत्यादिकांची नावे घेऊन भेडसावणे योग्य नव्हे. राक्षसाचे नाव घेऊ नये म्हटल्यावर वैद्याचे नाव घेऊन भिववावे, असे तर चरकाचार्यांच्या स्वप्नातही आले नसेल! आयुर्वेदाचा अभिमान आपण मोठ्या आवाजात सांगतो. त्यातील हा एक बिनखर्चाचा उपदेश मात्र आपल्या ओसरीवरून केव्हाच हद्दपार झाला आहे.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपल्या पदरीचा दोष सांगावा, हे बरे. आमगावच्या बाजूस आम्ही हयातभर मास्तरकी केली. शेकडो पोरांना "खरे बोलावे" हा धडा गिरवायला लावला. आणि आमच्या घरातील सर्वांत धाकट्या नातवाशी आम्हीच खोटे बोललो. त्या वेळी तो साडेचार वर्षांचा होता. उजवीकडील खालच्या दाढेत त्याला लहानसे काळे भोक दिसू लागले होते. गोंदियास दातांच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे ठरले. तो आला नसता, म्हणून आम्ही त्याला सांगितले, "चल, आगगाडीत बसू आणि गोंदियाच्या बाजारात जिलबी खाऊ." पोर आनंदाने उड्या मारीत निघाले. स्टेशनापासून आमचा हात धरून चालले. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याला शंकाही आली नाही. आत ती खुर्ची व तो दिवा पाहताच मात्र त्याने आमच्याकडे मान वर करून पाहिले आणि म्हटले, "आजोबा, तुम्ही जिलबी म्हणाला होतात."

पुढे जे व्हावयाचे ते झाले. आम्ही हात धरले, त्याच्या बापाने पाय धरले, पोराने आकांत मांडला. डॉक्टर शहाणे होते, त्यांनी हत्यार खाली ठेवले व आम्हांस एवढेच विचारले, "मुलाला काय सांगून आणलेत?" आम्ही निरुत्तर झालो. "आज राहू द्या, तयारी करून पुन्हा आणा," असे त्यांनी सांगितले. आम्ही परत नेले नाही. घरी येऊन सर्वांनी एकमुखाने निकाल दिला, की दुधाचाच दात, आज ना उद्या पडायचाच. त्यासाठी पोराला छळा कशाला?

ह्या निकालात दोन चुका होत्या. एक दाताविषयीची आणि दुसरी मुलाविषयीची. प्रथम दाताचे पाहू.

दुधाचे दात एकंदर वीस. सहाव्या महिन्याच्या सुमारास ते येऊ लागतात व अडीच वर्षांपर्यंत बहुधा सर्व येऊन जातात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, ते आपण पाहतो. शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकतो, किंवा उंदराच्या बिळात सोडून त्याच्यासारखे बारीक दात मागतो. त्यावरून सगळेच दुधाचे दात लवकर पडतात असा आपला समज होतो. परंतु दुधाच्या दाढा दहाव्यापासून बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ "पडेलच" म्हणून सोडून देणे, म्हणजे सहा-सात वर्षे मुलास दुखण्याच्या स्वाधीन करणे होय. शिवाय तिच्या मुळाशी पुढचा कायमचा दात आकार घेत असतो. वरची कीड मुळापर्यंत गेली व पू झाला, तर त्या खालच्या दातासही अपाय होऊ शकतो. दाढ अकाली गेली, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि मागून येणाऱ्यास वाट राहत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आली हे कोणाच्या लक्षात येत नाही; आणि आली तरी तिला दुधाचीच समजतात. वास्तविक ती कायमची दाढ. ती किडून गेली, की पुन्हा येणे नाही.

दात किडतो तो किड्यामुळे, असे जुने लोक म्हणत. सुश्रुतानेही एका दंतरोगास 'कृमिदंतक' हेच नाव दिले आहे. आजच्या शास्त्राप्रमाणे डोळ्यांस दिसणारा किडा तेथे नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. ते साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दाताचे कठीण कवच झिजत जाते. म्हणून गोड किती खाल्ले ह्यापेक्षा ते किती वेळा खाल्ले ह्यास अधिक महत्त्व आहे. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री नाटके होतात, आणि पोरांच्या खिशांत दिवसभर गोडी शेव व गोळ्या खुळखुळत असतात. जेवणाबरोबर एकदा खाल्लेला लाडू इतका बाधत नाही, जितकी दिवसभर चघळलेली एकेक गोळी बाधते. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून निजताना तोंडात दुधाची बाटली वा गोड पदार्थ असणे सर्वांत वाईट. दात घासण्यासाठी तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत वडील माणसाने स्वतःच्या हाताने ते दात घासून द्यावे. तांदळाच्या जिल्ह्यातील माणसास दाण्याचे माप निराळे सांगावयास नको.

आता दुसरी चूक, मुलाविषयीची. त्या दिवसानंतर आमचा नातू आम्हांबरोबर बाजारात येईनासा झाला. "चल, भाजी आणू" म्हटले तर तो विचारी, "खरेच भाजी ना?" आम्ही हसण्यावारी नेत असू. परंतु मनातून ते शब्द बोचत. सुमारे दीड वर्षाने, मंडईच्या दिवसांत, एका रात्री त्याच्या आजीने त्याचे पांघरूण सारखे करताना गालाला हात लावला, तो गाल सुजून तापलेला. पोर जागेच होते. किती दिवसांपासून दुखते म्हणून विचारले तेव्हा कळले, की पंधरा दिवसांपासून तो डाव्या बाजूने जेवत होता. "सांगितले का नाहीस रे?" ह्यावर तो म्हणाला, "तुम्ही मग जिलबीला नेले असते."

एवढ्या लहान मुलाने पंधरा दिवस वेदना सोसली, पण ती आम्हांस सांगितली नाही. कारण वेदनेपेक्षा आमची त्याला अधिक भीती वाटली. नीतिशास्त्रात सांगितले आहे, की सत्य बोलावे, प्रिय बोलावे, परंतु अप्रिय सत्य बोलू नये. हा भाग सर्वांना पाठ असतो. पुढचा भाग, की प्रिय असले तरी असत्य बोलू नये, तो आपण सोयीस्करपणे विसरतो. जिलबी हे आमचे प्रिय असत्य होते.

गालास सूज व अंगात ताप असता वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सुजेवर शेक देऊ नये. हिरडीवर गोळी ठेवू नये. लवंगेचे तीव्र तेल मुलाच्या हिरडीला चोळू नये, त्याने ती भाजते. आम्ही सकाळच्याच गाडीने त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुरूनच दिव्याने पाहिले, औषध दिले आणि सांगितले, की दाढ आता वाचत नाही. सूज उतरल्यावर पाच दिवसांनी काढू. जी कीड आरंभी थोडेसे सिमेंट भरून थांबली असती, तिच्यापायी दहा-अकरा वर्षांपर्यंत टिकावयाची दाढ सहाव्या वर्षी जाणार होती. ह्या वेळी मात्र आम्हांस पाच दिवस मिळाले होते.

त्या पाच दिवसांत काय करावे, ह्याचा विचार करीत असता आम्हांस सुश्रुतसंहितेतील 'योग्यासूत्रीय' नावाचा अध्याय आठवला. योग्या म्हणजे सराव. शिष्य कितीही विद्वान असला तरी सरावावाचून त्याने रोग्यावर शस्त्र चालवू नये, म्हणून निरनिराळ्या वस्तूंवर कोणती क्रिया शिकावी हे तेथे सांगितले आहे. भोपळा, काकडी इत्यादी फळांवर कापण्याचा सराव करावा; आणि ओढून काढण्याची क्रिया फणस, बेलफळ ह्यांच्या गरावर व मेलेल्या जनावरांच्या दातांवर शिकावी. दात काढणाऱ्याची तालीम अशी प्राचीन काळापासून होत आली आहे. मग ज्याचा दात काढावयाचा, त्यालाच तेवढे तालमीवाचून रंगभूमीवर का ढकलावे?

पहिल्या दिवशी आम्ही घरातील सर्व मंडळींस ओसरीवर जमविले. एकत्र कुटुंबात मुलाचे लाड करणारी माणसे पुष्कळ, तशी त्याला घाबरविणारी तोंडेही पुष्कळ. काका थट्टेने म्हणतो, "डॉक्टर पक्कड घेऊन बसलाय बरं!" आत्या कळवळून म्हणते, "माझ्या वेळी किती रक्त आले होते!" आजी पदराने डोळे पुसते. मूल शब्दांपेक्षा चेहरे लवकर वाचते. म्हणून आम्ही ठरविले, की ह्या विषयावर मुलाशी दोघांनीच बोलावे, त्याच्या आईने व आम्ही. इतरांनी विचारले तर "हो, दाढ काढायची आहे, आजोबा बरोबर आहेत" एवढेच सांगावे. वडील माणसांच्या आठवणी पुष्कळदा बधिर न करता ओढलेल्या दातांच्या असतात. लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध स्वीडनमधील नील्स लोफग्रेन ह्यांनी १९४३ साली तयार केले, व पुढे ते जगभर दंतवैद्यांच्या हाती आले. आपली जुनी भीती नातवंडांस वारशाने देण्याचे कारण आता उरलेले नाही.

मग आम्ही नातवास जवळ घेऊन प्रथम क्षमा मागितली. आजोबाने नातवाची क्षमा मागावी हे काहींना रुचणार नाही. पण त्यावाचून पुढचे एकही वाक्य त्याने खरे मानले नसते. "मागे आम्ही जिलबी सांगितली, ते खोटे होते. ह्या वेळी जे होणार तेच सांगू." तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने तोच प्रश्न विचारला, जो प्रत्येक मूल विचारते: "दुखेल का?"

येथे "मुळीच नाही" म्हणण्याचा मोह फार होतो. तो आवरावा. त्याचप्रमाणे मुलाने न विचारता सुई, रक्त, पक्कड ह्यांचे वर्णनही करू नये. विचारले तर थोडक्यात व खरे सांगावे. आम्ही डॉक्टरांना दूरध्वनी करून आधी सर्व क्रम विचारून घेतला होता. त्याप्रमाणे सांगितले, "हिरडीला मुंगी चावल्यासारखे थोडा वेळ वाटेल. तेवढ्यात आम्ही दहा अंक मोजू. मग तो भाग झोपी जाईल. नंतर दाबल्यासारखे, ओढल्यासारखे वाटेल. फार दुखले तर डावा हात वर कर, डॉक्टर थांबतील." हात वर करण्याची ही खूण लहान दिसते, पण तिने मुलाच्या हाती काही सत्ता येते. मात्र खूण केल्यावर डॉक्टर थांबतील ना, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर तीही जिलबीच ठरावयाची.

त्यानंतर तालीम. ओसरीवरील आरामखुर्ची ही डॉक्टरांची खुर्ची, विजेची बत्ती हा दिवा, आणि चहाचा चमचा हा आरसा. पहिल्यांदा आम्ही रोगी झालो व नातू डॉक्टर झाला. त्याने मोठ्याने दात मोजले व सर्वांना ऐकू जाईल असे जाहीर केले, "आजोबांना अकराच!" मग त्याच्या चुलतबहिणीची पाळी आली, मग बाहुलीची, व शेवटी त्याची स्वतःची. झाडीपट्टीतील मुलास नाटकाची तालीम म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागत नाही. पाच दिवस रोज दहा मिनिटे हा प्रयोग चालला. एडलस्टन नावाच्या अमेरिकन दंतवैद्यांनी १९५९ साली मुलांसाठी हीच त्रिसूत्री मांडली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. दंतवैद्यांच्या शाळांतून ती आजही शिकविली जाते. घरी पहिली दोन पावले टाकून झाली, म्हणजे डॉक्टरांचे काम निम्मे हलके होते.

किती दिवस आधी सांगावे, ह्याचाही विचार असावा. सहा-सात वर्षांच्या मुलास दोन-चार दिवस आधी सांगितलेले चालते. तीन-चार वर्षांच्यास आदल्या संध्याकाळी पुरे, नाहीतर त्याची कल्पनाच राक्षस होऊन बसते. वेळ शक्यतो सकाळची घ्यावी. मूल झोपाळलेले वा भुकेलेले नसावे. "रडलास तर बघ" असा धाक घालू नये व "मुलगा असून रडतोस?" अशी लाजही लावू नये. रडणे हा गुन्हा नव्हे. रडत रडत तोंड उघडे ठेवणे हे तर धैर्यच होय.

ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो. सर्व काही गोष्टीतल्याप्रमाणे सुरळीत झाले, असे सांगणार नाही. खुर्ची पाहून त्याचे ओठ थरथरले. त्याने आमचे बोट घट्ट धरले. परंतु हात-पाय कोणासही धरावे लागले नाहीत. त्याने आपण होऊन तोंड उघडले. सुईच्या वेळी आम्ही मोजू लागलो. दहा झाले, पण सुई निघाली नव्हती. आम्ही तसेच पुढे मोजत चौदापर्यंत गेलो. डोळ्यांतून पाणी आले, पण डावा हात वर झाला नाही. दाढ निघाल्यावर डॉक्टरांनी ती त्याच्या हातात दिली. बधिरपणा दोन-तीन तास टिकतो व त्या वेळात मुले आपलाच ओठ चावून घेतात, म्हणून ओठ चावू नये व गरम काही खाऊ नये, असे त्यांनी बजावले. पुढे रिकामी जागा राखण्यासाठी तारेची लहानशी कडी बसविण्यास पुन्हा जावे लागले.

परतीच्या गाडीत तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग सुन्न जिभेने बोबडे बोलत म्हणाला, "आजोबा, तुम्ही दहा म्हणाला होतात, चौदा झाले." आम्ही चूक कबूल केली व पुढच्या वेळी वीस सांगू असे म्हटले. त्याने मान डोलाविली. हिशेब पटला होता.

आम्हांस असे वाटते, की पहिली भेट दुखण्याच्या दिवशी होऊच नये. पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल एकदा दंतवैद्यास दाखवावे, असे बालदंतवैद्य सांगतात; तेव्हा आईच्या मांडीवरच तपासणी होते आणि दुखण्यासारखे काही नसते. आपल्या राज्यातील पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरविली आहे, आणि किडलेले दात हेही त्यात पाहिले जातात. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत 'दात किडला आहे, दाखवावे' अशा चिठ्ठ्या आम्हीच मुलांच्या दप्तरांत ठेवीत असू. त्यांतील किती चिठ्ठ्या कपाटाच्या फळीखाली गेल्या असतील, ह्याचा अंदाज आम्हांस आता स्वतःच्या घरावरून येतो. अवघड उपचारासाठी नागपुरास १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, व गोंदियाहून तेथवर थेट आगगाडी जाते. वाट आहे. त्या वाटेवर मुलास फसवून नेऊ नये, एवढेच आपल्या हाती आहे.

गेल्या महिन्यात धाकट्या सुनेच्या मुलीची पाळी आली. तिला तयार करण्याचे काम आम्ही हाती घेण्यापूर्वीच नातवाने तिला आरामखुर्चीत बसविले होते. चमचा हातात घेऊन तो तिला गंभीरपणे सांगत होता, "आजोबा दहा म्हणतात, पण चौदा होतात. तेवढेच."